साबणाच्या वेष्टनामागचं तेल

अमळनेरच्या बाजारातून अंगाच्या साबणाच्या दोन वड्या आणल्या. आकार सारखाच, दोन्हींवर चंदनाच्या खोडाचं चित्र. घरी येऊन भिंग लावून मागचा बारीक मजकूर वाचला. एकीवर ‘टॉयलेट सोप, ग्रेड 1, टीएफएम 76 टक्के’ असं छापलेलं, दुसरीवर नुसतं ‘बेदिंग बार’. खाली घटक: सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट, पाणी, टाल्क, ग्लिसरीन, सुगंध, मीठ, टायटॅनियम डायऑक्साइड, ईडीटीए आणि रंगांचे आकडे. चंदन शोधायला गेलं तर ते ‘सुगंध’ या एका शब्दात कुठेतरी.

ही यादी एकदम तयार झालेली नाही. टंचाई, धर्माचा प्रश्न, सरकारी नियम यांनी ती घडत गेली, आणि तिचा एक धागा अमळनेरातूनच जातो.

साबण येण्याआधी आपल्याकडे अंग घासायला हरभऱ्याचं किंवा मसुरीचं पीठ होतं, डोक्याला शिकेकाई आणि रिठा, कपड्यांना राख किंवा खार. रिठ्याला फेस येतो तो त्यातल्या सॅपोनिनमुळे, तो साबण नव्हे. साबण म्हणजे तेल किंवा चरबी कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवून होणारा क्षार. तेलाचा रेणू फुटतो, त्यातली मेदाम्लं सोडियमशी जोडली जातात, आणि वजनाने तेलाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं ग्लिसरीन सुटं होतं. ‘सोडियम पामेट’ म्हणजे पाम तेलाचा साबण, ‘सोडियम कोकोएट’ म्हणजे खोबरेलाचा, ‘सोडियम टॅलोएट’ म्हणजे जनावराच्या चरबीचा. एवढं कळलं की निम्मं वेष्टन वाचून होतं. मोठे कारखाने सुटं झालेलं ग्लिसरीन बरंचसं वेगळं काढतात, कारण त्याला औषधांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात भाव आहे. मग जाहिरातीत ‘ग्लिसरीनयुक्त’ लिहायचं असेल तर तेच पुन्हा वरून घालावं लागतं.

कारखान्यात बनलेली वडी भारतात रुजली ती विलायतेहून. 1888 मध्ये लिव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या आणि काही वर्षांत लाइफबॉय आला. युरोपातल्या साबणात तेव्हा गुराढोरांची चरबी सर्रास असे. इथल्या कित्येक घरांना ती अंगाला लावणं मान्य होणं शक्यच नव्हतं. त्यामुळे 1918 मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी फक्त वनस्पती तेलांचा ‘चावी’ साबण काढला, ही गोष्ट स्वदेशीपुरती नाही. कुठलं तेल, हा प्रश्न त्या दिवसापासून भारतीय साबणाच्या मुळाशी बसला आणि आजही वेष्टनावर ‘चरबीमुक्त’ असं मोठ्या अक्षरात छापलं जातं. तिकडे म्हैसूर संस्थानानेही याच सुमारास सरकारी कारखाना काढून खऱ्या चंदन तेलाचा साबण बाजारात आणला.

आता अमळनेर. 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी स्थापन केली. गाव रेल्वेवर, भोवती कपाशीचा आणि भुईमुगाचा मुलूख. माल होता ‘सनफ्लॉवर’ नावाचं वनस्पती तूप आणि ‘787’ नावाचा कपड्यांचा साबण. तूप आणि साबण एकाच छताखाली कसे, हे मला लहानपणी कोडं वाटायचं. उत्तर सोपं आहे. कच्च्या तेलात थोडी सुटी आम्लं असतात. ती काढायला तेलात कॉस्टिक सोडा घालतात, की खाली साबणासारखा गाळ बसतो. धंद्यात त्याला सोपस्टॉक म्हणतात. शुद्ध तेलाचं वनस्पती तूप होतं आणि गाळ फेकायचा नसेल तर त्याचा कपड्यांचा साबण होतो. म्हणजे तेलाच्या गिरणीला साबण शोधायला दूर जावं लागत नाही, तो तिच्या टाकीच्या तळाशीच असतो. याच कंपनीचं पुढे ‘विप्रो’ झालं. 1980च्या दशकाच्या मध्याला तिने चंदन आणि हळदीचा ‘संतूर’ काढला. जग तिला संगणकासाठी ओळखतं, पण माझ्या लेखी तिची पहिली ओळख तेल आणि साबण हीच आहे.

स्वातंत्र्यानंतर खाद्यतेलाचा तुटवडा कायमच राहिला. शेंगदाण्याचं तेल माणसांनी खावं की साबणात घालावं, हा प्रश्न सरकारपुढेही होता. म्हणून साबणवाल्यांना कडुनिंब, करंज, मोह, तांदळाचा कोंडा यांच्या तेलांकडे वळवण्यात आलं. सातपुड्यात, नंदुरबारच्या पट्ट्यात मोहाच्या बियांना टोळंबी म्हणतात. त्यांचं तेल काढून घरात वापरायची तिथे जुनी रीत आहे. त्याच जातीचं तेल देशभर साबणाच्या कढईत गेलं. बाहेरून चरबीही येत होती. 1983 मध्ये वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ झाल्याचं प्रकरण देशभर पेटलं आणि चरबीच्या आयातीवर बंदी आली. ती जागा हळूहळू मलेशिया-इंडोनेशियाच्या पामने घेतली. आज बहुतेक वड्यांवर ‘पामेट’ पहिलं दिसतं त्यामागे हा सगळा प्रवास आहे. भुईमुगाच्या मुलखात विकल्या जाणाऱ्या साबणात भुईमूग शोधून सापडत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

टीएफएम म्हणजे वडीतल्या एकूण मेदद्रव्याचं प्रमाण. भारतीय मानकानुसार टॉयलेट सोपला ग्रेड 1 साठी किमान 76 टक्के, ग्रेड 2 साठी 70 आणि ग्रेड 3 साठी 60 टक्के लागतात. बेदिंग बारचं मानक निराळं, तिथे 40 टक्केही चालतात. उरलेल्या जागेत पाणी, टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, इतर भर आणि कधी फेसासाठी कृत्रिम डिटर्जंट. बेदिंग बार वाईटच असतो असं मी म्हणत नाही. महागडे, त्वचेला सौम्य म्हणून विकले जाणारे काही बारही साबणाच्या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यात डिटर्जंट मुख्य असतो. पण दोन वड्यांचा भाव सारखा असेल तर हा आकडा पाहिल्याशिवाय तुलना होत नाही. माझ्या वडिलांना हिवाळ्यात पिंडऱ्यांना पांढरी भेग पडायची. आम्ही वर्षानुवर्षं एकच स्वस्त वडी आणत होतो, आणि ती बेदिंग बार आहे हे मागची बाजू वाचेपर्यंत घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कातडी कशामुळे सुकत होती याची मी काही तपासणी केलेली नाही, पण तेव्हापासून वेष्टन न वाचता मी साबण घेत नाही.

अजून एक गोष्ट खानदेशात सोडून चालणार नाही: पाणी. बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बऱ्याच गावांत जड असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, ज्यात फेस येत नाही ते. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या मेदाम्लांना धरतं आणि न विरघळणारी साय बनते. बादलीच्या कडेला पांढरट चिकट रेघ बसते ती हीच. घटकांच्या यादीतला ईडीटीए कॅल्शियमसारख्या धातूंना अडकवून ठेवतो. खोबरेल किंवा पाम कर्नलचा, म्हणजे पामच्या बीतल्या गराच्या तेलाचा, हिस्सा जास्त असलेली वडी अशा पाण्यात लवकर फेसाळते. नुसतं पाम असेल तर वडी कडक आणि टिकाऊ होते, पण फेसाला वेळ लागतो. यादीत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे कर्नलेट किंवा कोकोएट कितव्या क्रमावर आहे ते पाहायचं.

मागच्या आषाढात मी स्टीलचे दोन पेले घेतले. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात पत्र्यावरून पडलेलं पावसाचं. दोन्हींत एकाच वडीचा नखाएवढा खव टाकून झाकण लावून हलवलं. पावसाच्या पाण्याचा फेस पेल्याच्या काठाला आला. बोअरच्या पेल्यात पाणी ताकासारखं गढूळ झालं आणि वर चार बुडबुडे राहिले.