पिप दिसला म्हणजे पिल्लू आलं असं नाही

दक्षिण कॅलिफोर्नियात बिग बेअर लेकजवळ एका उंच जेफ्री पाइनवर जॅकी आणि शॅडो या बाल्ड ईगल जोडीचं घरटं आहे. अंडी उबवायला महिना उलटला की लाइव्ह कॅमेऱ्यापुढे डोळे लावून बसलेल्यांत गलका उठतो, ‘पिप दिसला!’ लगेच कुणीतरी ‘पिल्लू आलं’ म्हणून कळवूनही टाकतं. पण पिप आणि हॅच यांत बरेच तास जातात, कधी एक दिवस, कधी त्याहून जास्त.

पिप म्हणजे कवचाला आतून पडलेलं पहिलं भोक. पिल्लाच्या चोचीच्या टोकाला एक टणक उंचवटा असतो, त्याने ते कवचाला टोचतं. कॅमेऱ्यात बारीक खळगा आणि भोवती तडे दिसतात. अंड्याला चिकटलेली माती किंवा काडीही अगदी तशीच दिसते. म्हणून पक्षी उठून अंडी फिरवेपर्यंत थांबावं. डाग निघून गेला तर ती माती. भोक मोठं होत गेलं तर पिप.

हॅच म्हणजे पिल्लू कवचातून पूर्ण सुटणं.

या दोहोंच्या मधे बाहेरून काहीच घडताना दिसत नाही आणि बघणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. आत मात्र मोठी उलथापालथ चाललेली असते. तोवर पिल्लाला हवा मिळत होती ती कवचालगतच्या रक्तवाहिन्यांच्या पडद्यातून. आता फुप्फुसं ते काम हाती घेतात, पडद्यातलं रक्त शरीरात ओढलं जातं, उरलेला बलक पोटात शिरतो. हे सगळं आटोपलं की पिल्लू आतल्या आत फिरत कवच गोल कापतं आणि पायांनी रेटा देतं. गावाकडे खुडूक कोंबडी बसवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. घाईने कवच सोललं तर पिल्लाला रक्तस्राव होतो, ते दगावतं. जॅकी आणि शॅडोही कवच फोडून देत नाहीत. ऊब देत राहणं हेच त्यांचं काम, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

2025 मध्ये या घरट्यात 22, 25 आणि 28 जानेवारीला अंडी आली. पहिलं पिल्लू 3 मार्चच्या रात्री साडेअकराच्या सुमारास बाहेर पडलं, तेव्हा आपल्याकडे 4 मार्चची दुपार होती. दुसरं त्यानंतर काही तासांतच आलं. तिसरं थेट 8 मार्चला. त्याआधी 2024 मध्ये तिन्ही अंडी फुटलीच नव्हती, त्यामुळे पिपसाठी लोक इतके अधीर का झाले होते, हे समजू शकतं.

तरी पिल्लू आल्याची खूण एकच धरावी: कवचाचा रिकामा अर्धा भाग आणि त्याच्या शेजारी ओलं, राखाडी लव असलेलं पिल्लू, दोन्ही एकाच वेळी दिसायला हवेत.