कडी हौद्याला की चासीला? पिकअपवर कॅम्पर बांधणाऱ्यांसाठी

आधी एक सांगतो, कॅम्पर म्हणजे बोलेरो कॅम्पर नव्हे, पिकअपच्या हौद्यात चढवायची आणि उतरवून ठेवायची राहायची खोली, हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं. रॅचेट पट्टा कसा आवळायचा ते आंब्याच्या पेट्या बांधून आपल्याकडे सगळ्यांना येतंच, ते सोडा. टर्नबकल (आटे फिरवून ताण देणारा दुवा) स्प्रिंगवाला की साधा यावरही भांडू नका, दोन्ही चालतात, मी स्प्रिंगवाला वापरतो.

खरा घोळ कडीपाशी आहे, म्हणजे कॅम्परचा पट्टा गाडीला जिथे अडकवायचा तिथे. हौद्याच्या कठड्याला ज्या कड्या असतात त्या ताडपत्रीच्या दोरीसाठी हो! "पण पट्ट्यावर ५ टन लिहिलंय." अरे पट्टा असेल ५ टनाचा, पण कडी कशाला लावलीय, पत्र्यालाच ना? पेट्यांचं वजन हौद्यात खाली बसतं, कॅम्परचं वर असतं, त्यात त्याचं नाक केबिनवर आलेलं, त्यामुळे वळणावर तो डोलतो, समोरून वारा आला की नाक वर उचलू बघतो आणि दर खड्ड्याला कडीला वरच्या बाजूला हिसका बसतो. हौदा स्वतःच चासीवर बोल्टांनी बसवलेला, म्हणजे ती सगळी ओढ आधी पत्रा खातो, मग ते बोल्ट. कडीचं ब्रॅकेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, असेल तर ओढ थेट चासीत जाते, हौद्याने फक्त वजन उचलायचं.

मीही आधी कठड्यालाच बांधला होता. आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो तर मागच्या डाव्या कडीभोवती रंगाला केसाएवढी चीर, त्यातून तांबूस ओघळ. अंगठ्याने दाबलं तर पत्रा डब्याच्या झाकणासारखा टक्-टक् वाजला. घरापर्यंत तिशीच्या वर गाडी नेली नाही.

पण चासी म्हटलं की मिस्त्री लगेच ड्रिल काढतो, त्याला थांबवा. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर ताण सगळ्यात जास्त, तिथे भोक पाडलं किंवा वेल्डिंग मारलं की चीर तिथूनच निघते. कंपनीनेच ठेवलेली भोकं वापरा, नाहीतर भोक न पाडता आवळून बसणारं क्लॅम्पचं ब्रॅकेट. गाडीत कायमचा बदल होणार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी बघा.

आणि ते स्टेनलेसचं वेड! ३०४ नंबरचं स्टेनलेस आपल्या खाऱ्या हवेत डागाळतंच, ३१६ नंबरचं बरं, पण स्टेनलेस साध्या लोखंडाला लागून राहिलं की गंज लोखंडाला धरतो, म्हणजे चासीलाच. मी गरम जस्तात बुडवलेलं ब्रॅकेट लावलंय. पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर थांबून ताण परत बघा, आणि किनाऱ्यावरून आलात की ब्रॅकेटच्या मागच्या बाजूला गोडं पाणी मारा, खारी वाळू तिथेच चिकटून बसते.