केसी जोन्सच्या मयतीला पंधरा इंजिनवाले का आले होते

मे १९०० च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जॅक्सन नावाच्या रेल्वेगावात एका इंजिन ड्रायव्हरची मयत होती. सेंट मेरीज चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि माउंट कॅल्व्हरी दफनभूमीत माती दिली. त्याच चर्चमध्ये नोव्हेंबर १८८६ ला त्याचं लग्न लागलं होतं. मयतीला शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या वॉटर व्हॅलीहून पंधरा इंजिनवाले आले, ११८ मैल म्हणजे जवळपास १९० किलोमीटरवरून. गाड्यांवर काम करणाऱ्या रनिंग स्टाफची एवढी माणसं एकाच वेळी गायब म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या बाबूची काय तारांबळ उडाली असेल ते रेल्वेवाल्यांनाच विचारा.

मेलेल्या ड्रायव्हरचं नाव जॉन ल्यूथर जोन्स, म्हणजेच केसी जोन्स. हे नाव अमेरिकेत घराघरात पोचलं ते गाण्यामुळे, पण मयतीच्या दिवशी गाणंबिणं काही फेमस नव्हतं, त्यामुळे ते पंधरा जण प्रसिद्ध माणसाला नाही तर त्यांच्याच लाईनवरच्या एका सहकाऱ्याला बघायला आले होते. तो काय चीज होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, चांगलंही आणि वाईटही.

जन्म १८६३ चा, मिसुरीतला, पण वाढला केंटकीतल्या केसी नावाच्या खेड्यात आणि गावाचं नावच त्याला चिकटलं. पंधराव्या वर्षी मोबाईल अँड ओहायो रेल्वेत तारमास्तर, मग डब्यांचे ब्रेक लावणारा ब्रेक्समन, मग इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन. १८८७ मध्ये पीतज्वराची साथ आली, शेजारच्या इलिनॉय सेंट्रल कंपनीची बरीच रनिंग माणसं त्यात गेली आणि जागा रिकाम्या झाल्या, म्हणून १ मार्च १८८८ ला हा तिकडे फायरमन म्हणून लागला. कुणाच्या तरी मरणामुळे आपलं प्रमोशन, हे तेव्हाच्या रेल्वेत काही विशेष नव्हतं. फेब्रुवारी १८९१ मध्ये ड्रायव्हर झाला.

गडी वक्तशीर, अगदी हट्टाने वक्तशीर. सहा नळ्यांची त्याची स्वतःची वेगळी शिट्टी होती, ती रात्री वाजली की लाईनवरच्या गावांतले लोक ओळखायचे की केसी चालला. पण त्याचं सर्व्हिस रेकॉर्ड काढून बघा. नियम मोडल्याबद्दल नऊ वेळा कारवाई आणि सगळी मिळून १४५ दिवस सस्पेन्ड. गाण्यातला केसी आणि फायलीतला केसी ही दोन वेगळी माणसं वाटतात, पण माझ्या मते टाइम मेकअप करणारा, म्हणजे झालेला उशीर भरून काढणारा ड्रायव्हर आणि नियम वाकवणारा ड्रायव्हर हा बहुतेक वेळा एकच असतो, आणि कंपनीला गाडी वेळेवर आली की पहिला आवडतो, अपघात झाला की दुसरा आठवतो.

आता ती रात्र. २९ एप्रिल १९०० ला केसी मिसिसिपीतल्या कँटनहून गाडी घेऊन टेनेसीतल्या मेम्फिसला पोचला, ड्यूटी संपली. पण कँटनकडे परत जाणारी १ नंबरची पॅसेंजर गाडी नेणारा ड्रायव्हर आजारी, म्हणून केसीला परत विचारलं आणि तो हो म्हणाला. गाडी आधीच लेट. रात्री १२:५० ला, तासाहून जास्त उशिरा, तो ३८२ नंबरचं इंजिन आणि सहा डबे घेऊन निघाला. बाहेर धुकं, पुढे १८८ मैलांचा रस्ता. सोबत फायरमन सिम वेब, कृष्णवर्णीय तरुण, जो रात्रभर कोळसा मारत होता. पहाटे चारच्या आत ते वॉन नावाच्या छोट्या स्टेशनजवळ आले तेव्हा उशीर जवळजवळ पूर्ण भरून निघाला होता, फक्त दोन मिनिटं बाकी. थांबे धरून सरासरी ताशी ९० किलोमीटरच्या आसपास येते, तेही वाफेच्या इंजिनावर आणि रात्री.

वॉनला जे चाललं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सिंगल लाईन, एक लूप म्हणजे गाडी बाजूला घ्यायचा जोडरूळ, आणि लूपमध्ये ७२ आणि ८३ नंबरच्या दोन मालगाड्या, ज्यांची मिळून लांबी लूपपेक्षा दहा वॅगनने जास्त. म्हणजे कुठलं तरी एक टोक मेन लाईनवर राहणारच. अशा वेळी दोन्ही मालगाड्या एकदा पुढे सरकायच्या, पॅसेंजर निम्म्यात आली की मागे सरकायच्या, आणि असं आलटून पालटून पॅसेंजरला वाट करून द्यायची. रोजचंच काम, त्या रात्रीही आधी एका गाडीसाठी केलेलं. केसीसाठी उत्तरेकडचं टोक मोकळं करायचं होतं आणि नेमका त्याच वेळी ७२ नंबरचा एअर होज, म्हणजे ब्रेकच्या हवेची नळी, फुटला. एअर ब्रेकचा नियम असा की हवा गेली की ब्रेक आपोआप लागतात, १८९३ च्या कायद्याने एअर ब्रेक आणले तेच ब्रेक्समनचे जीव वाचावेत म्हणून. इथे तेच ब्रेक लागले, गाड्या जागच्या जागी जाम झाल्या आणि ८३ नंबरच्या शेवटच्या चार वॅगन मेन लाईनवर उभ्या राहिल्या.

वळणावरून मालगाडीच्या शेपटीचे लाल दिवे आधी सिमला दिसले, कारण वळण त्याच्या बाजूचं होतं. तो ओरडला, केसीने त्याला उडी मारायला सांगितली आणि स्वतः ब्रेक धरून बसला. ताशी १२० किलोमीटरच्या आसपास असलेला स्पीड धडकेपर्यंत ५५ च्या जवळ आला होता. इंजिन मालगाडीच्या शेवटची ब्रेकव्हॅन फोडून, कडब्यासारख्या वाळल्या गवताची एक वॅगन, मक्याची एक वॅगन आणि लाकडाची अर्धी वॅगन चिरून थांबलं. वेळ ३:५२. पूर्ण गाडीत मेला तो एकटा केसी, वय ३७. मागे बायको जेनी आणि तीन मुलं.

जुलैमध्ये कंपनीचा चौकशी रिपोर्ट आला. मागच्या मालगाडीचा झेंडीवाला येणाऱ्या गाडीला इशारा द्यायला पुढे जाऊन उभा होता, चाक गेलं की वाजणारे इशाऱ्याचे फटाके रुळावर लावले होते, जोन्सने सिग्नलकडे लक्ष दिलं नाही, सबब जबाबदार तो एकटाच. सिम वेब मात्र पुढची सत्तावन्न वर्षं, म्हणजे १९५७ मध्ये मरेपर्यंत, सांगत राहिला की झेंडीवाला दिसला नाही आणि वॉनजवळ फटाकाही वाजला नाही. कोण खरं ते आता ठरणार नाही. पण लूपमध्ये न मावणाऱ्या दोन मालगाड्या तिथे घुसवून पॅसेंजरला धुक्यात टाइम मेकअप करायला लावणं यात कंपनीची काहीच जबाबदारी नाही, हे मला तरी पटत नाही. आणि स्पीड जास्त होता हेही खरंच.

नुकसानभरपाईची यादी मात्र एकदा वाचाच. पोस्टल क्लार्कना हादरा बसला, प्रत्येकी १ डॉलर. एक्स्प्रेस म्हणजे पार्सल सांभाळणाऱ्या माणसाला पाठीचा मार, २५ डॉलर. चालत्या इंजिनातून उडी मारून अंग ठेचकाळलेला फायरमन सिम वेब, ५ डॉलर. संपला विषय.

जेनीला मिळाले ३,००० डॉलर, पण ते कंपनीचे नाही. ड्रायव्हर आणि फायरमन लोकांच्या दोन संघटनांचा तो विमा. त्या काळात अमेरिकेत दरवर्षी दोन हजारांवर रेल्वे कामगार ड्यूटीवर मरायचे, बाहेरच्या विमा कंपन्या यांना जवळ करत नव्हत्या, म्हणून संघटनांनी आपसात वर्गणी काढून विमे उभे केले होते. पंधरा इंजिनवाले मयतीला का आले त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. आज याची बायको, उद्या आपली. फक्त या भाईचाऱ्याला कुंपण होतं. त्या संघटना गोऱ्यांच्याच होत्या आणि दक्षिणेत कृष्णवर्णीय माणूस जन्मभर फायरमन राहू शकत होता, ड्रायव्हर होऊ शकत नव्हता. त्यामुळे केसीच्या शेजारी उभं राहून ती गाडी वेळेवर आणणाऱ्या सिमला ना तो विमा, ना कधी उजव्या बाजूची, म्हणजे ड्रायव्हरची सीट.

गाण्याचीही तीच गत. कँटनच्या शेडमध्ये वॉलेस सॉन्डर्स नावाचा कृष्णवर्णीय इंजिन क्लीनर होता, म्हणजे आपल्याकडे लोको शेडमध्ये फडकी घेऊन इंजिनं पुसणारे क्लीनर असायचे तसा. केसी त्याचा आवडता. त्याने काम करता करता गाणं जुळवलं, ते शेडमधून शेडमध्ये फिरलं आणि १९०९ मध्ये दोन तमाशेवाल्या गोऱ्या कलाकारांच्या नावाने छापून आलं. सॉन्डर्सला यातून फार तर दारूची एक बाटली मिळाली असं म्हणतात. छापील गाण्यात एक कडवं असं घुसडलं की नवरा मेला तरी पोरांना दुसरा बाप आहेच, आणि जेनी, जिने पुन्हा लग्न केलं नाही, ती उरलेला जन्म ते कडवं खोडून काढत बसली. १९११ च्या रेल्वे संपात तर कुणीतरी नवी आवृत्ती काढून केसीला चक्क संपफोड्या केलं. माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती.

एवढं नाव होऊनसुद्धा थडग्यावर साधा लाकडी क्रॉसच होता, दगड बसला १९४७ मध्ये. मग १९५० च्या एप्रिलमध्ये रेल्वे ड्रायव्हरांच्या सन्मानार्थ तीन सेंटचा स्टॅम्प निघाला, प्रकाशन जॅक्सनलाच. त्यावर केसीचा चेहरा आणि दोन इंजिनं, एक वाफेचं, एक डिझेलचं. जेनी तेव्हा ऐंशी पार केलेली होती, सिम वेबही हयात होता. स्टॅम्प ड्रायव्हरांचा होता, फायरमन किंवा क्लीनर त्यात कुठेच नव्हते.