सेमी-ट्रक मागे घेणे

पुढचा खेचणारा ट्रक आणि त्याच्या पाठीवर टेकलेला ट्रेलर अशी जोडगाडी उलट चालवून नेमक्या जागी लावण्याचे कौशल्य. या ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचे पुढचे टोक ट्रकवरील फिफ्थ व्हील या जाड तबकडीवर टेकते आणि ट्रेलरखालचा किंगपिन त्या तबकडीत अडकतो. गाडी दुमडते ती याच एका सांध्यात, आणि नव्या चालकाच्या अडचणीही तिथूनच सुरू होतात. अमेरिकेत सर्रास दिसणारा ट्रेलर ५३ फूट, म्हणजे सुमारे १६ मीटर लांब असतो; ट्रक धरून गाडी २१ मीटरच्या आसपास भरते. महामार्गावर ती हाकणे त्या मानाने लवकर जमते. मालधक्क्याला लावताना मात्र भल्याभल्यांना घाम फुटतो.

पुढे जाताना ट्रेलर ओढला जातो, म्हणून तो आपोआप ट्रकच्या मागे सरळ येतो. मागे जाताना तो ढकलला जातो आणि दोघांत जरासा कोन पडला की तो वाढतच जातो. तळहातावर काठी उभी तोलताना हात सतत थोडाथोडा हलवावा लागतो, तसेच इथे स्टेअरिंगचे होते. कोन हाताबाहेर गेला की ट्रक आणि ट्रेलर चाकूच्या पात्यासारखे मिटू लागतात. याला जॅकनाइफ म्हणतात. एका मर्यादेपलीकडे स्टेअरिंग पूर्ण फिरवूनही कोन कमी होत नाही. तेव्हा थांबून गाडी पुढे घेणे एवढाच मार्ग उरतो, नाहीतर केबिनची मागची बाजू ट्रेलरला जाऊन भिडते.

ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडे फिरवावे लागते. कारण ट्रकचा मागचा भाग उजवीकडे सरकतो, ट्रेलरचे तोंड सोबत नेतो आणि शेपटी विरुद्ध बाजूला वळते. हा उलटा हिशोब ऐन वेळी डोक्यात करता येत नाही, म्हणून शिकवणारे दोन युक्त्या सांगतात. स्टेअरिंग खालच्या बाजूने धरा आणि शेपटी जिकडे हवी तिकडे हात न्या. किंवा, सरळ मागे जात असताना ट्रेलर ज्या आरशात जास्त दिसू लागेल त्या आरशाकडे स्टेअरिंग वळवा. दुसरी युक्ती सरळ रेषेपुरतीच चालते; वळणात तीच वापरली की गाडी भलतीकडे जाते.

नवशिक्याची खरी अडचण दिशा चुकण्यापेक्षा घाई ही असते. स्टेअरिंग फिरवल्याचा परिणाम ट्रेलरच्या मागच्या चाकांवर दिसायला गाडी थोडी सरकावी लागते. तेवढा धीर धरवत नाही, मग तो आणखी फिरवतो, आणि परिणाम दिसू लागेपर्यंत दुप्पट फिरवून बसलेला असतो. लांब ट्रेलर सावकाश वळतो, म्हणून सुधारायला वेळ देतो. आखूड ट्रेलर पाहता पाहता कोन धरतो. छोटा ट्रेलर सोपा असणार, हा समज पहिल्याच दिवशी मोडतो. अनेक ट्रेलरांची मागची चाके पुढे-मागे सरकवता येतात. ती पुढे असली की ट्रेलर लवकर वळतो, पण चाकांमागचा भाग जास्त झुलतो आणि शेजारच्या गाडीला लागू शकतो.

दोन गाड्यांमधल्या जागेत काटकोनात शिरण्याचे निम्मे काम मागचा गियर टाकण्याआधीच झालेले असते. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, म्हणून जागा शक्यतो डाव्या हाताला ठेवतात. जागा ओलांडताना आत काय आहे ते बघून घ्यायचे, मग ट्रक उजवीकडे काढून ट्रेलरचे मागचे टोक जागेच्या दिशेने तिरके ठेवायचे. मागे येताना आधी स्टेअरिंग उजवीकडे, म्हणजे ट्रेलर आत वळू लागतो. पुरेसा वळला की स्टेअरिंग डावीकडे आणून ट्रक त्याच्या मागोमाग न्यायचा. स्टेअरिंग असे उलट फिरवायला उशीर झाला तर ट्रेलर जागेत वाकडा बसतो. तिरका कोन आधीच नीट साधला असेल तर सुधारायला फारसे उरत नाही. तो चुकला असेल तर मागाहून कितीही कसब दाखवले तरी गाडी रडतखडत जाते.

डाव्या बाजूला चालक खिडकीतून मान बाहेर काढून पाहू शकतो. उजवीकडे वळत मागे जाताना तीही सोय नाही आणि कोन वाढला की आरशात ट्रेलरची नुसती भिंत दिसते. या बाजूला आंधळी बाजू म्हणतात आणि अनुभवी चालकही ती टाळतात. शंका आली की हँडब्रेक लावून उतरायचे आणि जाऊन बघायचे, वरच्या तारा आणि फांद्यासुद्धा. इशारे करणारा माणूस असला तर खुणा आधी ठरवायच्या. तो दिसेनासा झाला की गाडी तिथेच थांबवायची. पुढे घेऊन पुन्हा लावण्यात नवख्याला कमीपणा वाटतो, पण खर्च होतो तो एखाद्या मिनिटाचा.

अमेरिकेत ७ फेब्रुवारी २०२२ पासून अवजड वाहनाचा परवाना पहिल्यांदा घेणाऱ्यांना केंद्रीय नियमानुसार प्रशिक्षण सक्तीचे आहे. या प्रशिक्षणाच्या मैदानावर होणाऱ्या भागात सरळ मागे घेणे, शेजारच्या पट्ट्यात सरकवत मागे घेणे, ४५ व ९० अंशांत धक्क्याला लावणे आणि दोन्ही बाजूंनी समांतर उभी करणे येते. यासाठी किमान तास ठरवलेले नाहीत. जमले की नाही हे प्रशिक्षक ठरवतो. अंगवळणी पडण्याचा वेग माणसागणिक इतका बदलतो की हे योग्यच वाटते.

ही समस्या संगणकशास्त्रातही गाजली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेरिक न्वेन आणि बर्नार्ड विड्रो यांनी १९८९ मध्ये कृत्रिम न्यूरल जालाला, म्हणजे सरावातून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला, संगणकातील ट्रेलर धक्क्याला लावायला शिकवले. सुरुवात धक्क्याजवळच्या सोप्या स्थितींपासून होती. लांबच्या, वाकड्या स्थिती नंतर आल्या. मैदानावरचे प्रशिक्षकही सरळ रेषेपासूनच सुरुवात करतात.

एकामागे एक दोन ट्रेलर जोडले की दुमडणारे सांधे वाढतात. अशी गाडी थोडे अंतर मागे घेणारेही आहेत, पण सहसा मागचा ट्रेलर सोडवून एकेक वेगळा लावतात.