मांसाची चव, बटाट्याची प्रथिने

अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्रेंच फ्राइजची घटकयादी वाचली तर बटाटा आणि तेलांच्या पाठोपाठ ‘नैसर्गिक गोमांस स्वाद’ असा उल्लेख येतो, आणि त्यालाच जोडून गहू व दुधाचेही नाव असते. बटाट्याच्या काड्यांना मांसाची चव कशासाठी?

१९९० पर्यंत हे फ्राइज मुख्यतः गाईच्या चरबीत तळले जात. या चरबीतला निम्म्याच्या आसपास भाग संपृक्त मेदाचा. हृदयविकाराच्या भीतीने तिच्याविरुद्ध अमेरिकेत मोहीम उभी राहिली आणि कंपनी वनस्पती तेलाकडे वळली. पण लोकांच्या जिभेवर जुनी चव बसलेली होती. ती टिकवण्याचे काम या स्वादावर आले.

असे स्वाद बनवण्याची रीत रसायनशास्त्राला चांगली ठाऊक आहे. गहू किंवा दुधातली प्रथिने आधी तोडून त्यांची अमिनो आम्ले मोकळी करतात. मग ती साखरेबरोबर तापवली की मांस भाजताना होते तीच अभिक्रिया सुरू होते. फ्रेंच रसायनज्ञ लुई-कामी मेयार यांनी १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. सिस्टीन या अमिनो आम्लात गंधक असते. त्यातून तयार होणारी गंधकयुक्त संयुगे इतकी तीव्र असतात की अगदी नगण्य मात्रेतही नाकाला मांसाचा भास होतो.

नाकाला होतो, शरीराला नाही. हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या पाकिटात सुमारे ३२० कॅलरी, १५ ग्रॅम मेद, ४३ ग्रॅम कर्बोदके आणि ५ ग्रॅम प्रथिने असतात. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात कर्बोदके साधारण १७ ग्रॅम, म्हणजे ४३ ग्रॅमसाठी अडीचशे ग्रॅम बटाटा लागला. आता अडीचशे ग्रॅम बटाट्यातली प्रथिने मोजा: सुमारे ५ ग्रॅम! पाकिटातले सगळे प्रथिन बटाट्याचेच आहे, स्वादाची भर जवळजवळ शून्य. पाकिटातल्या फ्राइजच्या वजनाएवढ्या, म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम, शिजवलेल्या गोमांसात ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळाली असती, शिवाय लोह आणि बी-१२ जीवनसत्त्वही.

अडीचशे ग्रॅम बटाट्याचे पाकीट जेमतेम ११५ ग्रॅमचे होते, कारण बाकीचे पाणी वाफ होऊन उडून जाते. तळताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. काड्या बाहेर काढल्या, थंड होऊ लागल्या, की आतली वाफ आक्रसते आणि पृष्ठभागावरचे तेल रिकाम्या छिद्रांत ओढले जाते. पाकिटातल्या ४० टक्क्यांहून अधिक कॅलरी या तेलाच्या असतात. (म्हणून कुठलेही तळण गरम असतानाच चांगले निथळून घ्यावे.)

तरी या खाण्याला निव्वळ ‘पोकळ’ म्हणणे मला पटत नाही. बटाट्यातले पोटॅशियम बऱ्याच अंशी टिकते, थोडे तंतूही मिळतात. काळजी वेगळ्या गोष्टीची करावी. बटाट्यातले अस्पॅरजिन हे अमिनो आम्ल आणि साखर १२० अंश सेल्सिअसच्या वर एकत्र आले की अॅक्रिलामाइड हे रसायन तयार होते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने कर्करोग झाल्याचे दिसले आहे. तळलेल्या बटाट्यात ते असते हे स्वीडनमध्ये २००२ साली जाहीर झाले. रंग जितका गडद तपकिरी, तितके ते जास्त. फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते, म्हणून तळायचे बटाटे बाहेरच ठेवावेत.

स्वादाच्या या उल्लेखाचा इतिहास भारतापर्यंत पोचला आहे. २००१ मध्ये अमेरिकेतल्या शाकाहारींनी, त्यात हिंदूंनीही, कंपनीवर दावा लावला तेव्हा मुंबई-ठाण्यातही निदर्शने झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये हा स्वाद नाही, असे कंपनीने तेव्हा स्पष्ट केले. अमेरिकेत तिने २००२ मध्ये माफी मागून १ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. तिथले फ्राइज कंपनी आजही शाकाहारी म्हणून विकत नाही, आणि ज्यांना गव्हाचे ग्लुटेन किंवा दूध चालत नाही त्यांनीही ही यादी वाचूनच पाकीट घ्यावे.