संगणकातलं एमआय-१७ आणि काकांचा उजवा पाय

हेलिकॉप्टरच्या दांड्याऐवजी मी बसवलेला पाइप काकांनी डाव्या हाताने वर उचलला आणि टेबलाखाली त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला. तिथे पेडल नव्हतं, लादी होती. पेडलचं काम मी अजून कीबोर्डच्या दोन बटणांवर भागवत होतो. स्क्रीनवर एमआय-१७ या रशियन हेलिकॉप्टरची चाकं जमिनीवरून सुटली आणि त्याचं नाक उजवीकडे फिरलं.

"अरे, हे उलटं जातंय," काका म्हणाले. "पॉवर वाढवली की नाक डावीकडे पळतं. उगाच का पाय जातो माझा?"

काका मुलुंडला आमच्याच सोसायटीत राहतात. हवाई दलात असताना त्यांनी हेच हेलिकॉप्टर उडवलंय. मी चार महिने रविवार खर्चून फ्लाइटगिअर या फुकट मिळणाऱ्या, कोड सगळ्यांना उघडा असलेल्या सिम्युलेटरसाठी त्याचं मॉडेल करत होतो आणि स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो. खिडक्या, रिव्हेट, कॉकपिटचा तो खास रशियन फिरोजी रंग, सगळं जमलं होतं. पंखाही वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होता, म्हणजे बरोबर. पण हवेच्या बळांचा हिशोब ज्या फाइलीत असतो, ती मी एका अमेरिकी हेलिकॉप्टरवरून उचलली होती. अमेरिकी पंखे उलट दिशेने फिरतात. फाइलीतली ती एक ओळ बदलायची राहून गेली. दिसायला रशियन, वागायला अमेरिकी.

इंजिन पंख्याला एका दिशेने फिरवतं, तेव्हा तेवढाच पीळ धडाला उलट दिशेने बसतो. तो पीळ अडवायला शेपटीवर छोटा उभा पंखा असतो आणि त्याचा जोर पायांनी कमीजास्त करायचा असतो. पाइप, म्हणजे माझा घरगुती कलेक्टिव्ह, वर ओढला की मुख्य पंख्याच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो. उचल वाढते, पीळही वाढतो, म्हणून पाय. (आधीच्या एमआय-८ चा शेपटीचा पंखा उजव्या अंगाला असतो, एमआय-१७ चा डाव्या. जुने फोटो समोर ठेवून मी तो आधी चुकीच्या बाजूला बसवला होता. ही चूक मात्र माझी मलाच सापडली.)

चित्रातल्या चुका डोळ्यांना दिसतात, हिशोबातल्या चुका हातापायांना कळतात. लोक मॉडेलचं कौतुक चित्रावरून करतात. मला आता ते निम्म्याहून कमी काम वाटतं.

विमानाचा पंख विमानाच्याच वेगाने हवेतून जातो, त्यामुळे गणित तसं सरळ. हेलिकॉप्टरचं प्रत्येक पातं आपापल्या वेगाने जातं आणि तो वेग क्षणाक्षणाला बदलतो. एमआय-१७ च्या मुख्य पंख्याला ५ पाती, व्यास सुमारे २१.३ मीटर. बेस्टच्या दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या तर जवळपास एवढी लांबी होते. हा पंखा मिनिटाला सुमारे १९२ फेरे घेतो, म्हणजे पात्याचं टोक ताशी ७७० किलोमीटरने धावतं. आता हेलिकॉप्टर ताशी २५० ने पुढे निघालं, तर पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला १०२० चा वारा लागतो आणि मागे जाणाऱ्याला फक्त ५२० चा. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे एका बाजूला दुसरीच्या जवळपास चौपट. पाती बुंध्याशी घट्ट जखडली असती तर हेलिकॉप्टर कुशीवर पालथंच झालं असतं.

यातून वाट काढली स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वाने, १९२० च्या दशकात, त्याच्या ऑटोजायरोसाठी, म्हणजे वाऱ्याने आपोआप फिरणाऱ्या पंख्याच्या विमानासाठी. त्याने पात्यांना बुंध्याशी बिजागरी दिली. जास्त वारा लागलेलं पातं वर उचललं जातं आणि वर जाताजाता त्याचा हवेला भिडण्याचा कोन आपोआप कमी होतो, पलीकडचं खाली येतं आणि त्याचा वाढतो. दोन्ही बाजू बरोबरीला येतात. मॉडेलमध्ये ही बिजागरी चितारून भागत नाही. प्रत्येक पातं या क्षणी किती वर आहे आणि किती वेगाने हलतंय, हे मोजत राहावं लागतं.

मोजायची रीत जुनी आणि सोपी आहे. पात्याचे काकडीसारखे काप करायचे, प्रत्येक कापाला लागणारा वारा काढायचा, त्यावरून त्याची उचल आणि ओढ (मागे खेचणारं बळ) काढायची, मग बेरीज. ५ पाती, प्रत्येकी २० काप, सेकंदाला १२० वेळा, म्हणजे १२ हजार हिशोब. माझा सहा वर्षांचा लॅपटॉप ते चहा पीत करतो.

त्याला घाम फुटतो तो हवेमुळे. १२ टन वजनाचं एमआय-१७ मुंबईच्या हवेत एका जागी तरंगत असेल, तर पंख्यातून खाली जाणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर येतो. आदर्श धरून केलेला हा कागदी हिशोब आहे, पण अंदाजाला पुरतो. पंख्याचं क्षेत्रफळ ३५६ चौरस मीटर. गुणाकार केला तर दर सेकंदाला जवळपास ५ टन हवा खाली ढकलली जाते. खाली जाताजाता या वाऱ्याचा वेग दुपटीकडे जातो, ताशी ८५ किलोमीटरच्या घरात. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींचं काय होईल ते सांगायला नको. मे महिन्यात हवा आणखी विरळ होते. दमट हवा आपल्याला जड वाटते, पण पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, त्यामुळे घामट मुंबईची हवा खरं तर कोरड्या हवेहून हलकी असते. तेवढं वजन उचलायला पंख्याला जास्त राबावं लागतं.

शिवाय ही हवा लगेच ऐकत नाही. कलेक्टिव्ह झटकन ओढला तर पाती त्याच क्षणी फिरतात, पण खाली जाणाऱ्या ५ टनांना वेग घ्यायला थोडा अवधी लागतो. तेवढ्या वेळात उचल जरा जास्तच मिळते, मग ती बसते. हवेच्या या सुस्तीचं पिट आणि पीटर्स या संशोधकांनी १९८१ मध्ये मांडलेलं गणित आजही वापरात आहे. ते घातल्याबरोबर माझं मॉडेल खेळण्यासारखं टुणकन उडायचं थांबलं आणि त्याला वजन आलं.

सगळ्यात वाईट खोड सरळ खाली उतरताना दिसते. पुढे वेग नाही आणि उतरण्याचा वेग त्या १२ मीटरच्या जवळ जायला लागला, की पंखा स्वतःच ढकललेल्या हवेत बुडायला लागतो. कडेने वर आलेली हवा परत वरून आत शिरते. अशा वेळी घाबरून कलेक्टिव्ह ओढला तर हेलिकॉप्टर आणखी खचतं. सुटका म्हणजे नाक खाली घालून पुढे स्वच्छ हवेत सटकणं. साधं सूत्र नेमकं इथेच मोडतं, म्हणून मॉडेल करणारे लोक या भागात प्रयोगातून मोजलेले आकडे जोडतात. ठिगळच ते, पण इमानदार ठिगळ.

चित्राची एक गंमतही सांगून टाकतो. हा पंखा सेकंदाला ३.२ फेरे घेतो. स्क्रीन सेकंदाला ३० चित्रं दाखवत असेल तर दोन चित्रांमध्ये पातं ३८.४ अंश सरकतं. दोन पात्यांमधलं अंतर ७२ अंश, त्याचं निम्मं ३६. पातं निम्म्याच्या पुढे गेलं, की डोळ्याला वाटतं मागचंच पातं उलटं आलं. म्हणजे बरोबर फिरणारा पंखा उलटा फिरताना दिसतो! म्हणून पाती न दाखवता धूसर चकती दाखवायची. आवाजाचंही तसंच. सेकंदाला १६ पात्यांचे फटके बसतात, ते कानाच्या खालच्या मर्यादेपाशी येतात. लहान स्पीकरवर ते ऐकू येत नाहीत. प्रत्यक्षात ते छातीत जाणवतात.

हा आवाज मुंबईकरांना एका सकाळपासून ओळखीचा आहे. २८ नोव्हेंबर २००८ ला हवाई दलाचं एमआय-१७ कुलाब्यात नरिमन हाउसच्या छतावर तरंगत होतं आणि एनएसजीचे कमांडो दोरावरून खाली उतरत होते. सगळ्या शहराने ते टीव्हीवर पाहिलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. दोरावरची माणसं सोडून दुसरं काही मला दिसलं नव्हतं. आता तेच दृश्य आठवलं की वैमानिकाचे हातपाय डोळ्यांसमोर येतात.

सामानासकट एक माणूस साधारण १०० किलोचा धरू. त्याचे पाय छताला लागले की ११ टनांच्या यंत्रावरचं जवळपास १ टक्का ओझं उतरतं. वैमानिकाने काहीच केलं नाही तर कागदावर ५ सेकंदांत हेलिकॉप्टर मीटरभराहून जास्त वर जातं आणि पुढच्या माणसाचा दोर छतावरून उचलला जातो. म्हणून कलेक्टिव्ह किंचित खाली. तो खाली केला की पीळ कमी होतो, नाक उजवीकडे वळू पाहतं, म्हणून डावा पाय. डावा पाय दाबला की शेपटीच्या पंख्याचा डावीकडचा ढकला कमी होतो आणि सगळं धूड उजवीकडे सरकायला लागतं, म्हणून उजव्या हातातला, हेलिकॉप्टर झुकवणारा दांडा केसभर डावीकडे. एवढं होईपर्यंत दुसरा माणूस उतरलेला असतो. हे सगळं चालू असताना ते एका जागी स्थिर असल्यासारखं दिसत होतं.

ती फाइलीतली ओळ बदलल्यावर काकांनी हीच कसरत माझ्या मॉडेलवर करून पाहिली. मोकळ्या मैदानावर जमली. कुलाब्याच्या इमारतीवर आणलं तर छताच्या कडेवर हेलिकॉप्टर दगडासारखं खचलं. पंखा जमिनीजवळ असला की खालच्या हवेला पसरायला अडथळा होतो आणि तरंगायला कमी ताकद पुरते. माझ्या फाइलीत जमीन म्हणजे एकच आकडा होता, पंख्याच्या मधोमध सरळ खालचं अंतर. कडेवरून हातभर सरकलं की त्या आकड्यात एकदम पाच मजल्यांची उडी. प्रत्यक्षात फिरत्या पंख्याची अर्धी चकती छतावर असते आणि अर्धी गल्लीवर, त्यामुळे बदल हळूहळू होतो आणि दोन्ही अर्ध्या भागांना वेगवेगळा आधार मिळतो.

आता चकतीखाली १६ ठिकाणी अंतर मोजायचं ठरवलंय. पाइपचा सेन्सर लॅमिंग्टन रोडवरून आणला होता; पेडलसाठी नागदेवी स्ट्रीटवरून चार बिजागऱ्या आणून ठेवल्यात. काका येत्या रविवारी परत येणार आहेत. "आधी पेडल बसव," असं बजावून गेलेत.