वार पुढे असली की बाळाच्या लाथा कुठे जातात?

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात डोक्याचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी, गर्भजलाचं प्रमाण अशा ओळींमध्ये एक छोटीशी ओळ असते : ‘प्लॅसेंटा – अँटेरिअर’. माझ्या पहिल्या खेपेला ती कुणी समजावून सांगितली नव्हती. विसावा आठवडा उलटला. माझ्याच दिवसांची शेजारीण ‘काल रात्रभर लाथा मारत होतं’ म्हणायची, आणि मी पोटावर हात ठेवून वाट बघत बसायचे. बाळाची वाढ ठीक, ठोके व्यवस्थित, मग मलाच का काही कळत नाही? उत्तर त्या एका ओळीत होतं.

प्लॅसेंटा म्हणजे वार. गर्भधारणेनंतर साधारण ६ ते १० दिवसांत गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो, आणि जिथे रुजतो तिथेच वार तयार होते. पोटाकडच्या भिंतीवर असली तर पुढची, पाठीकडच्या भिंतीवर असली तर मागची. दोन्ही जागा अगदी नेहमीच्या आहेत. वार पुढे असणं हा आजार नाही आणि आईच्या झोपण्या-उठण्याशी त्याचा संबंध नाही. वार कुठे आहे त्यावरून मुलगा की मुलगी हे ओळखता येतं, असं सांगणारेही भेटतात. त्याला कसलाही आधार नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ मध्ये कायदा करावा लागलेल्या आपल्या देशात असे अंदाज बांधणं मला घातक वाटतं.

एक अपवाद मात्र महत्त्वाचा. आधीचं सिझेरियन झालेलं असेल आणि आता वार पुढे व खालच्या भागात असेल, तर ती जुन्या व्रणात खोल रुजण्याचा धोका असतो. अशा वेळी साध्या रिपोर्टावर थांबायचं नाही. व्रणाजवळ वार कशी आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं. आधी कळलं तर रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूती ठरवता येते.

आता लाथांकडे येऊ. पूर्ण दिवस भरल्यावर वार जवळपास अर्ध्या किलोची आणि दोन-अडीच सेंटिमीटर जाड असते. आकाराने एखाद्या जाड भाकरीसारखी, पण आतून रक्ताने भरलेली, स्पंजासारखी मऊ. तिच्यात नसा नसतात, म्हणजे तिच्यावर बसलेला धक्का तिला स्वतःला जाणवत नाही. आईला लाथ कळते ती मुख्यतः धक्का पोटाच्या भिंतीपर्यंत पोचला की. दारावर आतून जाड गोधडी टांगली आणि आतल्या माणसाने थाप मारली, तर बाहेर आवाज दबून येईल, तसंच हे. बाळ हलायचं कमी करत नाही. सातव्या-आठव्या आठवड्यापासून ते सोनोग्राफीत हलताना दिसतं. फक्त समोर बसलेल्या लाथा वार झेलते. जिथे वार नाही तिथे, म्हणजे कुशीला किंवा ओटीपोटात लघवीच्या पिशवीच्या वर, हालचाल कळतेच. मलाही पहिली जाणीव डाव्या कुशीत खाली झाली होती, मासोळी सळसळावी तशी. दोन दिवस मी ती गॅसेस समजत होते.

पहिलटकरणीला हालचाल बहुधा १८ ते २० आठवड्यांत कळते, दुसऱ्या खेपेला १६ व्या आठवड्याच्या आसपासही. वार पुढे असेल तर थोडा उशीर लागू शकतो. पण २४ आठवडे झाले आणि काहीच जाणवलं नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. याच वारेमुळे तपासणीत कधीकधी ठोके चटकन सापडत नाहीत. आधी आईच्या नाडीच्या तालावरचा वाऱ्यासारखा आवाज येतो, मग यंत्र कडेला सरकवल्यावर बाळाचे टपटप ठोके लागतात.

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’वरून आला. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं म्हणून गर्भवती ‘द्विहृदया’, दोन हृदयांची, असं सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे. डोहाळजेवण आपण सातव्यात करतो, आणि सातवा महिना भरता भरता २८ वा आठवडा येतो. मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथलं. तोपर्यंत ‘वार पुढे आहे’ हे कमी हालचालीचं कारण असू शकतं. त्यानंतर नाही. बाळ आता एवढं मोठं झालेलं असतं की वार पुढे असूनही त्याची रोजची लय आईला ओळखता येते. ती लय मंदावली, तर दोष वारेच्या जागेला देऊन गप्प बसायचं नाही.

कारण प्राणवायू कमी पडू लागला की बाळ हालचाल आवरतं आणि रक्त मेंदू व हृदयाकडे वळवतं. ‘नववा लागला की जागा कमी, म्हणून बाळ शांत होतं’ हे घरोघरी ऐकू येतं, आणि ते चूक आहे. हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी वळवळ, सरकणं, ढकलणं वाढतं. बाळ शांत होत नाही. गार पाणी किंवा गोड खाऊन वाट बघण्यातही वेळ घालवू नये. घरी आणलेल्या डॉप्लरवर ठोके ऐकून निर्धास्त होणं तर फार धोक्याचं, कारण ठोके चालू असणं आणि बाळ ठीक असणं एकच नव्हे. शंका असेल तर डाव्या कुशीवर पडून दोन तास फक्त बाळाकडे लक्ष द्यावं. दहा हालचाली झाल्या नाहीत, किंवा झाल्या तरी मन मानत नसेल, तर त्याच वेळी, रात्र असली तरी, रुग्णालयात जावं.

गेल्यावर लगेच सिझेरियनच होईल असं नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ३३ रुग्णालयांत चार लाखांहून अधिक गरोदरपणांचा एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. हालचालींविषयी जागरूकता आणि ठरावीक उपचारपद्धत राबवून मृतजन्मांत ठोस घट दिसली नाही, सिझेरियन मात्र वाढली. म्हणून आधी नीट तपासणी. पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख वीस मिनिटं काढतात. बाळाची झोप वीस ते चाळीस मिनिटांची असते, त्यामुळे ते हललं नाही तर आणखी वीस मिनिटं थांबतात.

एकतिसाव्या आठवड्यात मी रात्री साडेअकराला गेले होते. पस्तिसाव्या मिनिटाला आलेख उसळला. तोवर ते झोपलेलं होतं.